मटेरियल बोलत नाही म्हणजे नेमकं काय?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला आहेस. घर यवतमाळकडचं, शेती कापसाची. वर्षभरात तीन कामं केलीस. पहिलं म्हणजे वडिलांच्या हातांचा साचा घेऊन प्लास्टरमध्ये काढलेले हात, वर ब्रॉन्झचा रंग. दुसरं मोठं मांडणशिल्प (इन्स्टॉलेशन): छताला टांगलेले दोराचे फास, खाली कापसाचा ढीग, त्यावर ओतलेला लाल रंग, मागच्या भिंतीवर शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांची कात्रणं. तिसऱ्यात घरच्या शेतातली काळी माती लाकडी चौकटीत ठासून भरलीस आणि पाणी घातलंस. चौकटीचे कोपरे उघडले, वाळल्यावर मातीला भेगा गेल्या, आणि 'फसलं' म्हणून ते काम तू कोपऱ्यात ठेवून दिलंस. परीक्षणाला आलेल्यांनी दुसऱ्या कामाबद्दल 'विषय चांगला आहे, पण मटेरियल बोलत नाही' असा शेरा दिला. आता तू विचारतोयस की मटेरियलनं बोलणं म्हणजे काय, आधी अर्थ ठरवायचा की आधी मटेरियल, आणि वार्षिक प्रदर्शनात यातलं काय मांडायचं.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. माती मांड.

तू पाठवलेल्या फोटोंत फक्त त्या तिसऱ्या कामात असं काही घडलंय जे तू ठरवलं नव्हतंस, पण जे पुरेपूर तुझ्या विषयाचं आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. तिच्यातले चिकणमातीचे कण पापुद्र्यांसारखे एकावर एक रचलेले असतात आणि पाणी त्या पापुद्र्यांच्या मधे शिरतं. त्या फुगण्याचा जोर एवढा असतो की काळ्या जमिनीवरच्या घरांच्या भिंती तडकतात, म्हणून पाया खाली मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो. उन्हाळ्यात त्याच जमिनीत हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्या भेगांत उतरते आणि पहिल्या चांगल्या पावसात सगळं पुन्हा मिटतं. ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरते असं म्हणतात ते यामुळेच. तुझ्या चौकटीत नेमकं हेच झालं. तू खिळे ठोकून जिला कोंडलंस तिनं कोपरे उघडले. तिथे कशाचं चित्र नाही, कशाची खूण नाही. माती शेतात जे करते तेच तिनं वर्गात केलं, आणि भोवती चौकट होती म्हणून ते आपल्याला दिसलं.

'मटेरियल बोलत नाही' असं म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा हेच सांगायचं असतं. कुठल्याही मटेरियलच्या दोन बाजू असतात. एक म्हणजे ते वागतं कसं: फुगतं, तडकतं, झिजतं, गंजतं, ओघळतं, भार सोसतं की नाही. दुसरी म्हणजे ते कुणाकुणाच्या हातांतून आलंय, त्यावर कुणाचं पोट चालतं, त्याचा भाव कोण ठरवतं. विद्यार्थी सहसा ही दुसरी बाजू उचलतात, कारण ती शब्दांत सांगता येते. कापूस म्हणजे शेतकरी, लोखंड म्हणजे कारखाना, लाल म्हणजे रक्त. मग ते मटेरियल त्या शब्दाची पाटी होऊन बसतं. मी स्वतःच्या आणि विद्यार्थ्यांच्या कामाला एक साधी कसोटी लावतो: या मटेरियलच्या जागी दिसायला तसंच दुसरं काही ठेवलं तर काम बदलेल का? तुझ्या दुसऱ्या कामात कापसाऐवजी थर्माकोलचा चुरा पसरला असतास तर दोन पावलांवरून कुणाला फरक कळला नसता. तिसऱ्या कामात काळ्या मातीऐवजी रेती भरली असतीस तर कोपरे उघडलेच नसते. अर्थ तिथे येतो जिथे पहिली बाजू दुसरीचा भार उचलते, म्हणजे वागणुकीतूनच इतिहास दिसायला लागतो.

आता कापसाकडे येतो, कारण तो सोडून दे असं माझं म्हणणं मुळीच नाही.

ढिगाचा जवळून काढलेला फोटो मी मोठा करून पाहिला. तो कापूस पांढराशुभ्र आहे, सलग थरांचा आहे, त्याला गुंडाळीची घडी दिसते. म्हणजे तो औषधाच्या दुकानातल्या गुंडाळ्यांचा कापूस आहे. शेतातला कापूस असा नसतो हे तुला मी सांगायला नको. त्याला पिवळसर झाक असते, त्यात वाळक्या पाल्याचा चुरा अडकलेला असतो, आणि प्रत्येक पाकळीत सरकी, म्हणजे कापसाचं बी, असते. दोन्ही कापूस घे आणि पाण्यात टाक. दुकानातला लगेच पाणी शोषून बुडेल, कारण त्यातलं मेण काढून टाकून तो ब्लीच केलेला असतो. शेतातला बराच वेळ तरंगत राहील, कारण प्रत्येक तंतूवर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो. तुझा लाल रंग झटकन पसरला आणि जखमेवरच्या बोळ्यासारखा दिसायला लागला तो त्यामुळे. घरच्या कापसावर तोच पातळ रंग थेंब धरून वर थबकला असता. हा फरक मला फार मोठा वाटतो. कपाशीच्या घरातल्या मुलानं कापसावर काम करायचं आणि हातात मात्र दवाखान्याचा कापूस घ्यायचा, इथेच ते काम तुझ्या गावापासून तुटलं. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी निसटलंय एवढं कळतं.

म्हणून पुढच्या खेपेला घरी जाशील तेव्हा वेचलेला कापूस घेऊन ये. फार नको, एका पोत्यात मावेल एवढा. त्यातला एक किलो वेगळा काढ आणि हातानं त्यातली सरकी सोडव. नखांनी धरून ओढावी लागते, तंतू सुटत नाहीत, बोटांच्या टोकांना आधी गुळगुळीत आणि मग बधिर वाटायला लागतं. किलोभर कापसातून साधारण एक तृतीयांश रुई निघते, उरलेली जवळजवळ सगळी सरकी. दोन ढीग शेजारी ठेव. आपण ज्याला कापूस म्हणून डोळ्यांसमोर आणतो तो वजनाचा लहान भाग आहे, आणि ज्याचं चित्र कुणी काढत नाही ती सरकी मोठा भाग आहे. ती घाण्याला जाते, तेल निघतं, पेंड जनावरांपुढे जाते. आणि बियाणं संकरित असल्यामुळे ती पुढच्या वर्षी पेरून तसंच पीक येत नाही, नवं पाकीट विकत घ्यावं लागतं. हे सगळं त्या दुसऱ्या ढिगात आहे. तुझ्या कामात सरकीचा एक दाणाही नव्हता.

मग उरलेल्या कापसावर एकेक क्रिया कर. पिंज, वळ, ओला करून दाब, दोरीनं आवळ, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांच्या, काड्यांवर गुंडाळ, मातीत कालव. अमेरिकन शिल्पकार रिचर्ड सेरा यानं १९६७-६८ मध्ये कागदावर नुसती क्रियापदांची यादी लिहून काढली होती: गुंडाळणं, घडी घालणं, फाडणं, टांगणं अशी. पुढची त्याची शिशाची आणि रबराची कामं त्या यादीतूनच वाट काढत गेली. आपल्याकडे तर कापसाची क्रियापदं घराघरात आहेत आणि त्यातली प्रत्येक क्रिया कुणाच्या तरी मजुरीशी जोडलेली आहे. वेचणी किलोवर असते, बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटं सोलवटतात. जिनिंगमध्ये, म्हणजे यंत्रानं सरकी वेगळी करताना, तंतूंची धूळ फुप्फुसात जाते, त्यातून होणाऱ्या दम्यासारख्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. प्रेसमध्ये १७० किलोची गाठ बांधतात आणि तिच्यासाठी पाच क्विंटलच्या आसपास कापूस लागतो. 'दाबणं' हा शब्द तुझ्या वहीत नुसता लिहिलास तर ती घोषणा होते. तू स्वतः जॅक लावून कापूस दाबलास, तो किती लहान होतो आणि पट्टी सोडल्यावर किती उसळून वर येतो हे पाहिलंस, तर तुझ्या हातात शिल्प असेल.

आणखी एक गोष्ट कापूस करतो, आणि तिच्याकडे तू खास लक्ष द्यावंस असं मला वाटतं. तो हवेतली ओल ओढून घेतो. सकाळी आणि भर दुपारी त्याच कापसाचं वजन वेगळं भरतं. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदीत पूर्ण भाव ८ टक्क्यांपर्यंतच्या ओलाव्याला मिळतो, त्याच्या वर १२ टक्क्यांपर्यंत भाव कापला जातो आणि त्याहून जास्त ओला कापूस घेत नाहीत. म्हणजे हवेतलं पाणी आणि घरात येणारा पैसा यांची गाठ थेट बांधलेली आहे. समज, तू प्रदर्शनात एका टांगत्या काट्याला कापूस लावलास आणि काटा सगळ्यांना दिसेल असा ठेवलास. दालनात माणसं येतील, श्वास सोडतील, पावसाळी दिवस येईल, पंखे लागतील आणि काटा हलत राहील. हे करच असं मी म्हणत नाही. पण मटेरियलच्या वागण्यातून अर्थ कसा निघतो याचं तुझ्याच घरातलं उदाहरण हे आहे, आणि त्यात लाल रंगाची गरज पडत नाही.

'आधी अर्थ की आधी मटेरियल' याचं उत्तर यातच आलं. आधी क्रिया. विषय तुझ्या मनात आहेच, तो कुठे पळून जात नाही. मटेरियलही घरात पडलंय. दोघांची भेट क्रियेत होते, आणि कुठली क्रिया ते टेबलाशी बसून ठरत नाही.

ज्यांचं काम या दृष्टीनं पाहावं अशा काहींबद्दल थोडं सविस्तर सांगतो.

बंगळुरूच्या शीला गौडा मूळच्या चित्रकार. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी शेण हे माध्यम म्हणून वापरायला घेतलं. पुढे १९९८ च्या एका कामात त्यांनी लांबच लांब दोरे सुईच्या नेढ्यातून ओवले, असे अनेक दोरे एकत्र करून कुंकू आणि डिंक लावून त्यांचा लाल दोर केला आणि तो दालनभर भिंतीवरून, जमिनीवरून फिरवला. दोराच्या टोकाला सगळ्या सुयांचा झुबका लोंबतो. दुरून तो दोर शरीरातल्या आतड्यासारखा, नाळेसारखा दिसतो, जवळ गेल्यावर सुया दिसतात आणि मग लक्षात येतं की एवढा प्रत्येक धागा कुणीतरी सुईतून ओढलाय. बायकांच्या कामाबद्दल, त्यातल्या वेदनेबद्दल तिथे एक अक्षर लिहिलेलं नाही. ओवण्याची क्रियाच ते सांगते. तुझ्या लाल रंगाशेजारी हा लाल ठेवून बघ. तिथला लाल कुंकवाचा आहे, त्याला वास आहे, तो हाताला लागतो, आणि आपल्या घरात तो कुठे-कुठे लागतो हे प्रत्येक बाईला ठाऊक आहे.

दुसऱ्या म्हणजे मुंबईच्या रुम्माना हुसेन. डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडली गेली, मुंबईत दंगली झाल्या, त्यांनाही घर सोडून दुसरीकडे जावं लागलं. त्यानंतर त्यांनी चित्रं मागे ठेवून वस्तूंकडे मोर्चा वळवला. मातीची मडकी अर्धी फोडून त्यांनी आरशावर ठेवली. अर्धं मडकं म्हणजे घुमट, तेच पोट, तेच घरातलं पाणी ठेवायचं भांडं, आणि आरशात त्याचं उरलेलं अर्धं दिसतं पण ते खरं नसतं. तिथे दंगलीचा फोटो नाही, तलवार नाही. फुटलेलं मडकं जोडता येत नाही हे आपल्या हातांना लहानपणापासून माहीत आहे, आणि त्या माहितीवरच ते काम उभं आहे. तुझ्या मांडणशिल्पाच्या संदर्भात मला सगळ्यात आधी त्यांचीच आठवण झाली. एवढी जवळची, एवढी भयंकर गोष्ट सांगताना त्यांनी तिचं दृश्य दाखवायचं टाळलं, आणि म्हणूनच ते काम इतक्या वर्षांनीही सुन्न करतं.

मृणालिनी मुखर्जी यांचं तागाच्या, अंबाडीसारख्या दोरांचं काम फोटोत पाहून समाधान मानू नकोस. संधी मिळेल तेव्हा प्रत्यक्ष बघ. रंगवलेल्या दोरांच्या हातानं मारलेल्या गाठी, एकावर एक, माणसाहून उंच. आत थोडा लोखंडी आधार, बाकी आकार गाठींनी आणि दोराच्या स्वतःच्या वजनानं घेतलेला. दोर ओघळतो, झोळ पडतो, आणि त्या झोळालाच त्यांनी देवीचं, झाडाचं अंग केलं. आणि रामकिंकर बैज यांचं शांतिनिकेतनातलं १९३८ चं 'संथाळ कुटुंब' हे शिल्प तर सगळ्या शिल्पकलेच्या विद्यार्थ्यांना माहीत असतंच, पण ते कशाचं आहे याकडे नीट लक्ष दिलं जात नाही. लोखंडी सळ्यांच्या सांगाड्यावर सिमेंट आणि तिथल्याच लाल मुरमाड जमिनीतले खडे. आपल्या कोकणातल्या जांभ्याची ती जात. ज्या जमिनीवरून ते कुटुंब चाललंय तिचेच खडे त्यांच्या अंगात आहेत, आणि पृष्ठभाग घोटून गुळगुळीत केला नाही म्हणून ते दिसतात.

महाराष्ट्रातलंच, तुझ्या शेजारच्या जिल्ह्यातलं उदाहरण हवं असेल तर प्रभाकर पाचपुते यांचं काम शोधून पाहा. चंद्रपूर जिल्ह्यातलं सास्ती गाव, घरात कोळसा खाणीतल्या कामाची परंपरा, आणि भिंतीच्या भिंती चारकोलनं भरलेल्या.

वडिलांच्या हातांबद्दल. साचा छान निघालाय, नखांखालच्या चिरासुद्धा आल्यात. पण त्यावर ब्रॉन्झचा रंग का दिलास? तुझं उत्तर मला अंदाजानं माहीत आहे: आपल्याकडे शिकवणीचा क्रमच शाडू, मग प्लास्टर, मग ब्रॉन्झ किंवा संगमरवर असा आहे, त्यामुळे प्लास्टर म्हणजे मधलं स्टेशन असं मनात बसतं. गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ च्या सुमारास, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी असताना 'मंदिरपथगामिनी' केली ती प्लास्टरमध्येच, आणि तिला कुणी 'प्लास्टरच का' असं विचारत नाही. त्या काळच्या शिल्पात प्रश्न अंगलटीचा, वस्त्राच्या चुण्यांचा, उभं राहण्याच्या डौलाचा होता. तुझा प्रश्न वेगळा आहे. तू जिवंत माणसाच्या हाताचा ठसा घेतलायस. प्लास्टर ठसा घेतो, तोही तंतोतंत, आणि मोडलेलं हाड धरून ठेवतो. हे त्याचं वागणं तुझ्या वडिलांच्या हातांशी किती जवळचं आहे! ब्रॉन्झचा रंग लावून तू त्या हातांना पुतळ्याचा मान द्यायला गेलास आणि प्लास्टर झाकून टाकलंस. रंग खरवडून काढता येत असेल तर काढ. नसेल तर पुन्हा एकदा ओत आणि पांढरंच ठेव. शिल्पकार वि. पां. करमरकरांनी सिमेंटला सिमेंटसारखंच ठेवून त्यातून काय काढलं ते बघायला एकदा अलिबागजवळच्या सासवण्याला त्यांच्या शिल्पालयात जा, गेटवेवरून मांडव्याची लाँच घेतलीस की जवळच आहे.

याच कामाबद्दल एक काळजीची गोष्ट. तू लिहिलंयस की वडिलांचे हात तेल लावून थेट प्लास्टरच्या घमेल्यात बुडवले. असं पुन्हा कधीही करू नकोस. प्लास्टर घट्ट होताना तापतं, जाड थरात ६० अंशांपर्यंत जाऊ शकतं, आणि तोवर हात बाहेर निघत नाही. इंग्लंडमध्ये २००७ साली शाळेतल्या एका मुलीनं असाच हातांचा साचा घ्यायला बादलीत हात घातले आणि तिची बहुतेक बोटं कापावी लागली. जिवंत माणसाचा साचा दातांच्या डॉक्टरांकडे मिळणाऱ्या अल्जिनेटमध्ये घ्यायचा, तो थंड राहतो आणि रबरासारखा सुटतो. मग त्यात प्लास्टर ओतायचं.

आता फास आणि कात्रणं.

तुझ्या शेजारच्या घरात ही गोष्ट घडली आहे, तू ती लहानपणी पाहिली आहेस, हे तू लिहिलंस. तुझ्या हेतूबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही. पण फासाचं चित्र गेली वीसेक वर्षं वर्तमानपत्रांतून, पोस्टरांतून, निवडणुकीच्या भाषणांतून इतकं वापरलं गेलंय की बघणारा ते ओळखतो आणि ओळखल्याबरोबर पुढे जातो. त्याला थांबावं लागत नाही. तू ज्या माणसाला ओळखत होतास तो त्या फासात कुठेच नाही. शिवाय विदर्भात कितीतरी जणांनी फवारणीचं औषध घेतलं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. म्हणजे तो फास तुझ्या गावचा नसून बातमीच्या चित्राचा आहे.

कात्रणांबद्दल मात्र मी आग्रहानं सांगतो, ती काढ. त्यांत नावं आहेत, गावं आहेत, पासपोर्ट फोटो आहेत. त्या माणसांच्या मुलाबाळांना कुणी विचारलं का, की हे मुंबईतल्या एका दालनाच्या भिंतीवर लावू का? बातमीत एकदा छापलं गेलं म्हणून ते सगळ्यांचं होत नाही. त्या घरांबद्दल काम करायचं असेल तर आधी त्या घरी जाऊन बस. कदाचित ते नको म्हणतील. मग करायचं नाही.

शिल्प की मांडणशिल्प, हा तुझा एक उपप्रश्न होता. टांगलं आणि जमिनीवर पसरलं म्हणजे मांडणशिल्प झालं असं नाही. मांडणशिल्पात बघणाऱ्याचं शरीर कामाच्या आत येतं, एवढाच फरक धरून चल. तो कुठून शिरतो, त्याला वाकावं लागतं का, पायाखाली काय येतं, वास येतो का, बाहेर पडताना चपलेला काय लागतं. चिनी कलाकार आय वेवे यांनी २०१० मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये चिनी मातीच्या दहा कोटी सूर्यफूल बिया पसरल्या. त्यावरून लोकांनी चालावं, बसावं ही कल्पना होती, पण चालण्यानं उडणाऱ्या धुळीमुळे काही दिवसांतच ते थांबवावं लागलं आणि लोकांनी कडेला उभं राहून पाहिलं. चालत येणारं काम आणि कडेवरून दिसणारं काम ही दोन वेगळी कामं आहेत. तुझ्या मातीबाबत हा निर्णय तुला आधी घ्यावा लागेल. लोकांनी पाय द्यायचा असेल तर भेगांच्या कडा पहिल्या दिवशीच चुरतील. ते तुला हवंय का?

आता मातीचं तंत्र, कारण कल्पनेपेक्षा इथे जास्त वेळ जाणार आहे.

दहा फूट बाय दहा फूट जागेत चार इंचांचा थर दिलास तर जवळपास एक घनमीटर माती लागते. कोरडीच एक टनाच्या वर, भिजल्यावर अजून जड. दालन वरच्या मजल्यावर असेल तर कॉलेजच्या बांधकाम पाहणाऱ्यांना लेखी विचार. गावाहून आणण्याचा टेम्पो, चढवायला माणसं, हे सगळं आत्ताच जमेस धर. खाली जाड प्लास्टिक लागेलच, नाहीतर पाणी स्लॅबमध्ये मुरेल. पण प्लास्टिकच्या गुळगुळीत पृष्ठभागावर माती वाळताना सरकते आणि एकसंध आक्रसते, भेगा कमी पडतात, कडा मात्र चौकटीपासून चांगल्या सुटतात. प्लास्टिकवर बारदान अंथरलंस तर माती त्याला धरून राहते आणि भेगांचं जाळं पडतं. थर जाड असेल तर भेगांमधलं अंतर मोठं, पातळ असेल तर बारीक खपल्या. म्हणजे भेगा 'आपोआप' पडतात हे खरं, तरी कुठे किती पडाव्यात हे बरंचसं तुझ्या हातात आहे. मातीत रुईचे तंतू कालवलेस तर भेगा अरुंद राहतात आणि भेगेच्या दोन कडांमध्ये तंतू ताणलेले दिसतात. लिंपणाच्या मातीत भुसा घालतात तो याचसाठी. कापूस आणि माती एकत्र आणायची असतील तर मला ही जागा फार आशेची वाटते: दोन्ही शेतातलेच, आणि एक दुसऱ्याला फाटू देत नाही.

वाळायला किती दिवस लागतील ते गावावर ठरतं. तुझ्याकडच्या कोरड्या हवेत जे चार दिवसांत वाळेल ते मुंबईत समुद्राकाठी कितीतरी रेंगाळेल, तेव्हा चाचणी प्रदर्शनाच्याच खोलीत घे. ओल्या मातीला बुरशी येऊ शकते, वासही येतो. पंखा एका बाजूनं लावलास तर त्या बाजूनं आधी भेगा पडतील. उद्घाटनाला माती ओली असावी, वाळत असावी की पूर्ण वाळलेली असावी, हेही ठरव. माझं मत विचारशील तर प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी पाणी घाल आणि लोकांसमोर वाळू दे. रोज येणाऱ्या तुझ्या वर्गमित्रांना ते रोज वेगळं दिसेल. एक कॅमेरा स्टँडवर एका जागी पक्का लावून ठेव, हलवू नकोस.

कापूस मांडणार असशील तर हॅलोजनचे दिवे त्यापासून दूर, आणि आग विझवायचं सिलिंडर जवळ. मोकळी रुई पिंजताना मास्क लावायचा, मग खोलीत तू एकटा असलास तरीही.

शेवटी कामाशेजारी लावायच्या पाटीबद्दल, कारण तू जोडलेल्या टिपणात 'अस्तित्व', 'संघर्ष', 'वेदनेचा शोध' असे शब्द आहेत. ते सगळे खोड. काय आहे, कुठून आणलं, काय केलं, एवढंच लिही. 'काळी माती, घरच्या शेतातली. रुई, हातानं सरकी काढलेली. सागवानी चौकट, पाणी.' गावाचं नाव घाल, तारीख घाल. वडिलांनी माती खणून भरून दिली असेल तर त्यांचंही नाव घाल, त्यांना विचारून. सागवान मिळालं नाही तर जुन्या दाराची चौकट बघ, पण ती कुणाच्या घराची हे मग पाटीवर यायला हवं.

आणि मोठी चौकट सुताराकडे टाकण्याआधी फूटभराच्या तीन लहान चौकटी कर. एकीला खिळे, एकीला स्क्रू, एकीला नुसता आवळलेला दोर. तिन्हींत सारखीच माती ठासून पाणी घाल आणि कुठला कोपरा कसा उघडतो ते बघ, कारण मोठ्या कामात माती बाहेर कुठून येणार ते त्या जोडावर ठरणार आहे. फोटो पाठव.